उज्जैनची गुहा आणि बादशहाचा हुकूम

उज्जैन म्हटले की मराठी माणसाला आधी महाकाल आठवतो, मग क्षिप्रा, मग सिंहस्थ. इतिहासाची थोडीफार आवड असेल तर शिंदे आठवतात. राणोजी शिंद्यांपासून ते दौलतरावांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरला बस्तान हलवीपर्यंत हे शहर मराठी दौलतीचे मोठे ठाणे होते. उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर माळवी-हिंदी बोलणारी घराणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. दोन भाषांच्या अंगणात वाढणे म्हणजे काय, हे आपल्या सीमाभागातल्या वाचकाला निराळे सांगायला नको. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय शिंद्यांच्याही शंभर वर्षे आधीचा आहे. राजाची मर्जी आणि प्रजेची श्रद्धा यांचे नाते कसे असते, हे ज्या एका प्रसंगमालिकेतून स्पष्ट दिसते, तिची सुरुवात उज्जैनबाहेरच्या एका गुहेपाशी होते.

उज्जैनला या नात्याची आठवण फार जुनी आहे. जैनांच्या कालकाचार्य कथेत उज्जयिनीचा राजा गर्दभिल्ल हा सरस्वती नावाच्या साध्वीला बळाने पळवून नेतो. तिचा भाऊ कालकाचार्य राजाला विनवतो, नगरजनही गाऱ्हाणे घालतात, पण राजा ऐकत नाही. ज्याने रक्षण करायचे तोच भक्षक झाला, मग दाद कोणाकडे मागायची? शेवटी कालकाचार्य शकांना बोलावून आणतो आणि गर्दभिल्लाचे राज्य जाते. ही कथा आहे, इतिहास म्हणून तिच्यावर भार टाकता येणार नाही. पण शेकडो वर्षे ती सचित्र पोथ्यांतून उतरवली गेली, यावरून या देशातल्या एका छोट्या धर्मसमाजाच्या मनात कोणती भीती घर करून होती ते कळते.

आता इतिहासाकडे वळू. जहांगीर बादशहा १६१६ च्या अखेरीस अजमेरहून मांडूकडे निघाला. १६१७ च्या फेब्रुवारीत त्याचा डेरा उज्जैनजवळ कालियादेह येथे पडला. क्षिप्रेच्या पात्रातल्या या महालातून तो एका संन्याशाच्या भेटीला गेला. फारसी लेखक या संन्याशाचे नाव जदरूप असे लिहितात. मूळ नाव चिद्रूप असावे. १६०१ मध्ये बऱ्हाणपूरजवळचा असीरगड जिंकून परतताना अकबरानेही त्याची भेट घेतली होती. वाट अशी की अखेरचा टप्पा बादशहाला पायीच चालावा लागला. गुहेचे तोंड जेमतेम गजभर उंच आणि त्याहून अरुंद. आत ना चटई, ना गवताची काडी. थंडीतही अंगावर एका चिंधीपलीकडे वस्त्र नाही. दिवसातून दोनदा नदीवर स्नान, आणि एकदा गावात जाऊन ठरलेल्या ब्राह्मणांच्या घरून मागून आणलेले पाच घास, तेही चव लागू नये म्हणून न चावता गिळायचे. हा सगळा तपशील जहांगीरने स्वतः आपल्या आत्मवृत्तात नोंदवला आहे. वेदान्त म्हणजेच आपला तसव्वुफ, असा अभिप्रायही त्याने दिला आहे.

त्या वेळी छावणीत इंग्रजांचा वकील सर टॉमस रो होता. बादशहा कोणा तीनशे वर्षांच्या साधूला भेटायला गेल्याचे त्याने ऐकले, पण हा चमत्कार पाहायला जाण्याची तसदी त्याने घेतली नाही. आपण एक मोठा प्रसंग चुकवला, याची त्याला कल्पना नसावी. हिंदुस्थानचा धनी एका नागड्या गोसाव्यासमोर तासन्‌तास बसतो, हे दृश्य दरबारी चिताऱ्यांनाही मोहवून गेले. तसे एक चित्र आज पॅरिसच्या गिमे संग्रहालयात आहे. शाळेच्या पुस्तकात जहांगीरच्या औदार्याचा दाखला म्हणून हीच गोष्ट सांगतात आणि ती खोटी नाही.

मात्र ती अर्धी आहे.

उज्जैनहून बादशहा मांडूला गेला. तिथे त्याच वर्षी त्याने जैनांच्या तपागच्छाचे आचार्य विजयदेवसूरी यांना बोलावून घेतले आणि ‘महातपा’ ही पदवी दिली. अकबराने १५८३ मध्ये हीरविजयसूरींना फत्तेपूर सिक्रीत बोलावून मान दिला होता, पर्युषणात जीवहत्या बंद ठेवण्याची फर्माने काढली होती. तोच लौकिक पुढे चालू आहे असे कोणालाही वाटले असते. मांडूहून स्वारी गुजरातेत उतरली. १६१८ च्या आरंभी तिथे मुक्काम असताना याच बादशहाने हुकूम काढला, की सेवडे, म्हणजे श्वेतांबर जैन यती, जिथे असतील तिथून त्यांना राज्याबाहेर घालवावे. चहूकडे फर्माने रवाना झाली. आणि त्याच वर्षाच्या शेवटी, आग्र्याकडे परतताना, तो पुन्हा उज्जैनला थांबला आणि पुन्हा जदरूपच्या दर्शनाला गेला!

गुहेच्या दोन भेटी आणि मधोमध हा हद्दपारीचा हुकूम. याचा मेळ कसा घालायचा?

कारणे बादशहाने स्वतःच लिहिली आहेत. खरतरगच्छाचे जिनसिंहसूरी, ज्यांना दरबारात मानसिंह म्हणत, हे अकबराबरोबर काश्मीरपर्यंत गेलेले मानकरी. १६०६ मध्ये शाहजादा खुस्रोने बंड केले, तेव्हा बिकानेरच्या रायसिंहाने त्यांना नव्या बादशहाचे भविष्य विचारले. हे राज्य फार तर दोन वर्षे टिकेल, असे त्यांनी सांगितल्याचे जहांगीरच्या कानावर आले. बारा वर्षे त्याने हा राग मनात ठेवला. १६१८ च्या सुमारास त्यांना बिकानेरहून बोलावणे धाडले, आणि वाटेतच त्यांनी देह ठेवला. त्यांनी विष घेतले, असे बादशहा लिहितो. एका यतीवरचा राग मग सगळ्या यतींवर निघाला. जोडीला त्यांच्या उपाश्रयांतल्या अनाचाराचे आरोप आलेच. राज्यकर्त्याला एखादा पंथ उखडायचा असतो तेव्हा राजद्रोह आणि अनाचार हे दोन आरोप नेहमी हातात हात घालून येतात, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

खुस्रोचे बंड हा धागा पकडला की पुष्कळ गाठी सुटतात. याच बंडाच्या वेळी शिखांचे पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी शाहजाद्याला आशीर्वाद दिल्याचा ठपका आला आणि १६०६ मध्ये लाहोरला त्यांचा छळ होऊन अंत झाला. परंतु केवळ आशीर्वाद हे कारण नव्हते. गुरूंभोवती हिंदू आणि मुसलमान दोन्ही गोळा होतात, पिढ्यान्‌पिढ्या हे दुकान चालले आहे, ते बंद करावे, असे आपल्या मनात आधीपासून होते, अशा आशयाची कबुली जहांगीर देतो. म्हणजे बंड हे निमित्त. खरी सल होती ती राजाला न विचारता वाढणाऱ्या समाजाची.

जदरूपपाशी असा समाज नव्हता. मठ नाही, शिष्यगण नाही, खजिना नाही, जातीजमातीचे पाठबळ नाही. पाच घास आणि एक चिंधी एवढ्या संसाराची सत्तेला भीती वाटण्याचे कारण नव्हते. शिवाय त्याच्या वेदान्तात बादशहाला आपलाच सूफी विचार दिसत होता. यतींचे तसे नव्हते. त्यांच्यामागे गावोगावचे श्रीमंत श्रावक होते, उपाश्रय होते, पोथ्या होत्या, स्वतःची शिस्त होती. या शिस्तीपुढे राजाज्ञाही चालत नसे. भानुचंद्रांचा शिष्य सिद्धिचंद्र हा देखणा, फारसी जाणणारा तरुण यती. जहांगीरने त्याला लग्न करून दरबारी होण्याचा आग्रह धरला. तो बधला नाही. त्याला हत्तीचे भय दाखवले, तरीही नाही. तेव्हा त्याला हद्दपार केले आणि यतींनी नगरे सोडून रानात राहावे असा हुकूम निघाला. पुढे बादशहाचे मन पालटले आणि हुकूम मागे घेतला गेला. हा सारा वृत्तान्त सिद्धिचंद्रानेच आपल्या संस्कृत ग्रंथात लिहून ठेवला आहे.

१६१८ चा हुकूमही फार दिवस टिकला नाही. पुढच्याच सुमारास शत्रुंजयावर नव्या चौमुख मंदिराची प्रतिष्ठा झाली आणि तिथल्या शिलालेखात राज्यकर्ता म्हणून जहांगीरचे नाव मानाने कोरले गेले. काल ज्याने हाकलले त्याचेच नाव आज दगडात कोरायचे, ही परवानगीवर जगणाऱ्यांची रीत. तिला लाचारी म्हणणे सोपे आहे. पण देऊळ उभे राहायचे तर दुसरा मार्ग कोणता होता?

या राजवटीत स्वधर्मीयही सुटले नाहीत. शिया पंथाचे विद्वान काझी नुरुल्ला शुस्तरी १६१० मध्ये प्राणांस मुकले. कडवे सुन्नी म्हणून नाव असलेले शेख अहमद सरहिंदी यांना १६१९ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कोंडले गेले. पुढे शिंद्यांचा झाला तोच हा किल्ला. पुष्करला १६१३ मध्ये वराहमूर्ती फोडून तळ्यात टाकवणारा आणि उज्जैनला पायी चालत गोसाव्याला भेटणारा बादशहा एकच. त्याला नुसते धर्मांध म्हटले तर जदरूप आड येतो आणि नुसते उदार म्हटले तर अर्जुनदेव.

जदरूपची पुढची हकीकतही ऐकण्याजोगी आहे. तो उज्जैन सोडून मथुरेला गेला. १६१९ मध्ये बादशहा तिथेही त्याला भेटला. जदरूपच्या सांगण्यावरून शेराचे वजन तीस दामांऐवजी छत्तीस दाम केले, इतका त्याचा शब्द चाले. पण मथुरेची जहागीर होती हकीम बेगकडे, आणि हा नूरजहानच्या बहिणीचा नवरा. त्याने या वृद्ध संन्याशाला चाबकाने फोडून काढले, असे फारसी चरित्रग्रंथ सांगतात. बादशहाला कळताच हकीम बेगची जागा गेली. न्याय झाला खरा. पण ज्याच्यापुढे हिंदुस्थानचा बादशहा बसला त्याच्या पाठीवर चाबूक ओढायला एका जहागीरदाराला कोणाची भीती वाटली नाही, हेही खरेच ना? मर्जीचे छत्र मर्जीच्या माणसाचा हात जिथवर पोचतो तिथवरच असते.

त्या काळातल्या जगाकडे पाहिले तर जहांगीर वेगळा दिसत नाही. टॉमस रोच्या इंग्लंडात १६१२ मध्ये दोघांना पाखंडी म्हणून जिवंत जाळले होते. स्पेनने १६०९ पासून पाच वर्षांत बाटवलेल्या मुसलमानांच्या वंशजांना देशाबाहेर घातले. जपानने १६१४ मध्ये ख्रिस्ती पाद्र्यांना हाकलले. फ्रान्सच्या राजाने प्रोटेस्टंटांना १५९८ मध्ये दिलेली सनद त्याच्या नातवाने १६८५ मध्ये फाडून टाकली. आणि गोव्याचे तर आपल्या घरातलेच दुखणे. १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशन बसले ते १८१२ पर्यंत. त्याच १५६० मध्ये मंगेशाला कुशस्थळीहून नदीपार प्रियोळला नेले, म्हणजे आदिलशाही मुलखात! पोर्तुगीजांपासून देव वाचवायला मुसलमान सुलतानाच्या हद्दीचा आसरा घ्यावा लागला. सीमेलगतच्या किती घराण्यांच्या कुलदैवताचे मूळ गाव एक आणि देऊळ दुसरीकडे, ते यामुळेच.

इथे उज्जैन आणि गोवा यांना जोडणारा एक माणूस भेटतो. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्र मल्हार सुखटणकर, म्हणजेच रामचंद्रबाबा. १२३४ मध्ये अल्तमशाने पाडलेल्या महाकालाचे आजचे देऊळ त्यांनी उभारले, आणि मंगेशीला १७३९ मध्ये पेशव्यांकडून गाव इनाम मिळाले तेही त्यांच्याच शब्दावरून. ज्यांच्या कुलदैवताला परागंदा व्हावे लागले त्या घरातला माणूस दुसऱ्या एका मोडलेल्या देवाचे घर बांधतो, यात मला मोठे औचित्य वाटते.

पण इथेच थांबून आपलीच पाठ थोपटून घेणे बरे नव्हे. मराठी राज्यातही मर्जीचाच कायदा होता. महानुभाव पंथ मराठीचा आद्य गद्यग्रंथ देणारा. तरीही सवाई माधवरावांच्या अमदानीत, १७८२ च्या सुमारास, मानभाव हे सर्वथा निंद्य, त्यांचा उपदेश कोणी घेऊ नये, असा निवाडा पेशव्यांच्या नावाने झाला. पोथ्या सांकेतिक लिपीत लपवून जपणाऱ्या या पंथाची व्यथा आणि रानात धाडलेल्या यतींची व्यथा एकाच जातीची आहे.

विसाव्या शतकाने मर्जीला कचेरीचे रूप दिले. सोव्हिएत रशियात १९२९ च्या कायद्याने प्रत्येक धर्ममंडळाला नोंदणी सक्तीची झाली. चीनमध्ये सरकारमान्य धर्म पाच, आणि तेही सरकारी देखरेखीखालच्या संघांतून पाळायचे. एरिट्रियाने २००२ मध्ये चार सोडून बाकी पंथांची प्रार्थनास्थळे बंद केली. रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये यहोवाच्या साक्षीदारांवर बंदी घातली. फर्मानाच्या जागी शिक्का आला, एवढाच फरक. आरोप मात्र जुनेच: हे राजद्रोही, हे समाज बिघडवणारे.

आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने १९५० मध्ये यावर वेगळा तोडगा काढला. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या मर्यादेत प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचा हक्क आहे, असे ते सांगते. ‘हक्क’ हा शब्द इथे महत्त्वाचा. जदरूपला हक्क नव्हता, विजयदेवसूरींनाही नव्हता. त्यांच्याकडे होती मर्जी. मर्जीचे दोन हात असतात. एका हाताने ‘महातपा’ पदवी मिळते, दुसऱ्याने वर्षभरात हद्दपारीचा कागद येतो. म्हणून कोणत्याही राज्याची पारख करताना, त्याने आपल्या आवडत्या साधूला किती मान दिला हे विचारून भागत नाही. ज्याचे तोंड पाहायला राजाला आवडत नाही, त्या यतीला गावात राहता येते का, हे विचारावे लागते. उज्जैनच्या गुहेची गोष्ट मुलांना सांगताना तिच्या दोन भेटींमधला तो हुकूमही सांगावा. तेव्हाच ती गोष्ट पुरी होईल.