मेंढ्याने आधी स्वतःला तपासलं

ताडोबाला आलेला पर्यटक मोहर्लीच्या फाटकापाशी थांबतो आणि जंगलाचे नियम समजून घेतो. हे नियम सरकारने केलेले. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. याच वनपट्ट्यात पूर्वेला, गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना, लेखाजवळ मेंढा हे लहानसं गोंड गाव लागतं. तिथल्या लोकांनी आपल्या जंगलाचे नियम स्वतः ठरवले.

त्याची सुरुवात १९८०च्या दशकातली. इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांमुळे आदिवासींची गावं आणि जंगल बुडणार होतं. त्याविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. त्या लढ्यात तयार झालेले गावातले देवाजी तोफा आणि 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल मेंढ्यात एकत्र आले. पुढे मेंढ्याची घोषणा सगळीकडे पोचली: 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.'

सरकार व्हायचं, तर आधी आपलं आपण कसं वागतो?

या प्रश्नासाठी मेंढ्यात अभ्यासगट बसू लागला. तिथे कुणीही यावं, विचारावं, माहिती मिळवावी. निर्णय मात्र ग्रामसभेनेच घ्यायचा, तोही सर्वांच्या सहमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी बोलणं पुढे चालू राहायचं. दारूचा विषय असाच रेंगाळला. गोंडांच्या पूजेत मोहाच्या दारूला मान आहे आणि तिचा त्रास बायकांना भोगावा लागतो, या दोन्ही गोष्टी गावाला एकाच बैठकीत ऐकाव्या लागल्या. बायका सभेत बोलू लागल्या, तेव्हा कुठे दारू पूजेपुरती ठेवायचं ठरलं.

जंगलाबाबतही तसंच. आपलाच हात कुठे जास्त चालतो हे गावाने पाहिलं आणि फळझाडं तोडायची नाहीत, वणवा लावायचा नाही असे नियम स्वतःवर घालून घेतले. घोटुलासाठी, म्हणजे गोंड तरुणांच्या सामूहिक घरासाठी, आणलेल्या लाकडावरून वनखात्याशी संघर्ष झाला, खात्याने घोटुल पाडलं, तेव्हा आजूबाजूची गावं मेंढ्याच्या बाजूने उभी राहिली. देवाजी तोफा गावाच्या वतीने बोलत, पण ग्रामसभेत ठरलं असेल तेवढंच. त्यांच्या नेतृत्वाचं बळ या मर्यादेत होतं: गावाचं मत कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं, याचं भान त्यांना होतं.

वनहक्क कायदा २००६ साली आला तेव्हा दावा मांडायची गावाची तयारी होती. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याला सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते आहे. तरीही बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना लागायचा आणि तो वनखात्याच्या हातात होता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी मेंढ्यात येऊन परवाना पुस्तिका ग्रामसभेला दिली.

त्यानंतरचं पाऊल सर्वांत अवघड होतं, कारण त्यात शेतीची मालकी सोडायची होती. गावाने इथेही सहमतीची वाट पाहिली, आणि २०१३ साली मेंढा ग्रामदान गाव जाहीर झालं. शेत कसणारे तेच राहिले. मालकी ग्रामसभेकडे गेली.