सोयाबीन वावरात आलं, चुलीवर का नाही आलं?

मंडळी, ऑक्टोबर लागला की आपल्या जिल्ह्यात दोन रांगा लागतात. एक बाजार समितीच्या गेटवर सोयाबीनच्या गाड्यांची, दुसरी किराणा दुकानात फराळाच्या सामानाची. सकाळी सोयाबीन विकायचं आणि संध्याकाळी त्याच पैशातून बेसन, तेल अन् साखर आणायची. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, देवळी, कुठंही जा, हेच चित्र. पण त्या सामानाच्या पिशवीत सोयाबीन कुठं असतं? तेलाच्या पाकिटात असतं, आणि फारच झालं तर सोयावडीच्या पुड्यात. म्हणजे आपलंच पीक कारखान्यात जाऊन, पाकिटात बसून परत येतं. आख्खं सोयाबीन आपल्या घरात शिजत नाही. ज्या घरात पन्नास पोते सोयाबीन होते त्या घरातही नाही.

गंमत अशी, की हेच सोयाबीन माणसानं खावं म्हणून देशातला एक गाजलेला प्रयोग आपल्या वर्ध्यातच झाला होता. तोही सोयाबीन आपल्या वावरात यायच्या पन्नास वर्षं आधी.

१९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि तिथली इमारत त्यासाठी दिली. मगनलाल गांधींच्या आठवणीत तिचं नाव पडलं मगनवाडी. काम पाहायला जे. सी. कुमारप्पा. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. त्याआधी त्यांचा मुक्काम मगनवाडीतच होता. या काळात तिथलं स्वयंपाकघर म्हणजे प्रयोगशाळाच होती. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, घाणीचं तेल, साखरेऐवजी गूळ. कच्ची पालेभाजी किती खावी, चिंच खावी की नाही, यावर ‘हरिजन’मध्ये लेख यायचे. कडुनिंबाच्या पाल्याची चटणी पानात वाढली जायची. सरदार पटेलांनी त्यावर, बापू आधी शेळीचं दूध प्यायचे, आता शेळीचा चाराही खायला लागले, अशा अर्थाचा टोमणा मारल्याची आठवण कुमारप्पांनी सांगितली आहे.

१९३५ मध्ये या पानात सोयाबीन आलं. हिशोब सरळ होता. दूध आणि डाळ गरिबाला परवडत नाही, आणि या एका दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिनं अन् २० टक्के तेल. मगनवाडीतल्या लोकांना ते रोज देऊन पाहिलं आणि त्याचे अनुभव ‘हरिजन’मध्ये छापले गेले. विचार चांगलाच होता. पण मगनवाडीतून ते बाहेरच्या चुलीपर्यंत काही पोचलं नाही.

का पोचलं नाही? माझं मत विचाराल तर, दाणा होता पण पाककृती नव्हती. सोयाबीन हा मोठा चिवट प्रकार आहे. तुरीसारखं ते गळत नाही. थंड पाण्यात भिजवून वाटलं की एक उग्र, हिरवट वास सुटतो. कच्चं राहिलं तर पचत नाही. ज्यांनी हे पीक शेकडो वर्षं खाल्लं त्यांनी आधी त्याला वठणीवर आणलं. चीन-जपाननं त्याचं दूध काढून टोफू केला. आपल्याच देशात नागालँडमध्ये अखुनी, मणिपुरात हवाइजार, सिक्कीममध्ये किनेमा, सगळं आंबवलेलं सोयाबीन. तिथल्या बायकांची कित्येक पिढ्यांची अक्कल त्यात आहे. आपल्या सासू-सुनांना नुसता दाणा आणि त्याचे गुण सांगितले गेले. गुण सांगून कोणी जेवत नाही बाप्पा!

मग १९८० च्या दशकात सोयाबीन परत आलं, पण या वेळी स्वयंपाकघराचं दार न वाजवता थेट वावरात. देशाला खाद्यतेल कमी पडत होतं, १९८६ मध्ये केंद्रानं तेलबियांचं तंत्रज्ञान अभियान काढलं, आणि मध्य प्रदेशात रुळलेलं हे पीक विदर्भात पसरलं. शेतकऱ्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. शंभर दिवसांत पीक हातात, मागून हरभरा घेता येतो, दिवाळीला रोख पैसा मिळतो. ज्वारीला पाखरं, रोही अन् रानडुकरं, वरून भाव नाही.

पण ज्वारी गेली तेव्हा ती एकटी गेली नाही. कण्या गेल्या. भरडलेली ज्वारी भिजवून, मीठ घालून शिजवायची आणि वरून ताक. आंबील गेली. ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर आंबवायचं, सकाळी लसूण-जिरं घालून शिजवायचं. माझी आई उन्हाळ्यात आम्हाला घराबाहेर सोडायच्या आधी वाटीभर पाजायची. कडबा कमी झाला तशी गुरं कमी झाली, ताकही कमी झालं. जवस कमी झाला आणि त्याची चटणी आता प्रदर्शनात बचत गटाच्या स्टॉलवर मिळते. ज्या घाणीला देशभर ‘वर्धा घाणी’ म्हणून ओळखतात, तिच्या जिल्ह्यात आपण रिफाइंडचे डबे मोजतो. टिकला तो आपला गोरसपाक, कारण त्याला गिऱ्हाईक आहे.

हा जुन्या आठवणींचा उमाळा नाही, यात पैशाचा प्रश्न आहे. २०२३ च्या सप्टेंबरात पिवळ्या मोझॅकनं उभं सोयाबीन पिवळं केलं. २०२४ मध्ये हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या खाली बोली लागत होती. ज्वारी, तूर पडत्या भावात निदान घरात ठेवून खाता येते. सोयाबीन घरात ठेवून करायचं काय? त्यामुळे व्यापारी म्हणेल तो भाव. पोषण आहारावर एवढी भाषणं ऐकतो मी, पण आपल्या पिकाचं आपल्या पोरांच्या ताटात काय करायचं, हा विषय एकाही ग्रामसभेच्या अजेंड्यावर पाहिला नाही.

तर या दिवाळीला एक करून पाहा. सोयाबीन थंड पाण्यात भिजवू नका. पाण्याला खळखळून उकळी आली की त्यात दाणे टाका आणि वीस-पंचवीस मिनिटं उकळू द्या. वास तिथंच मरतो. मग गार पाण्यात चोळून टरफलं काढा, कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा, गिरणीतून दळून आणा. पोळीच्या पिठात नऊ किलोला एक किलो, जास्त नको. शेवेला चार वाट्या बेसन असेल तर एक वाटी हे पीठ, ओवा आणि हळद नेहमीसारखी, हळद वायगावची असली तर उत्तमच. लाडवाला मात्र पीठ मंद आचेवर खमंग भाजा आणि निम्मी कणीक घाला, गूळ अन् तीळ सढळ हातानं.

आणि ज्यांच्या घरी अजून कण्या, आंबील, शेंगोळे, उंडे होतात, त्यांनी खाली सविस्तर लिहा. किती पीठ, किती पाणी, किती वेळ. ‘अंदाजानं’ असं लिहू नका. आजीला विचारा, वाटीनं मोजून घ्या आणि गावाचं नावही टाका.