लोकदान आणि राजानुदान

लोकोपयोगी संस्था चालतात त्या दोन आधारांवर. एक लोकांनी स्वेच्छेने दिलेले दान आणि दुसरे सरकारी तिजोरीतून मिळणारे अनुदान. दान देणारा बहुधा श्रद्धेने देतो. अनुदान देणारा मात्र प्रश्न विचारून देतो. संस्थेचा हेतू काय, तिच्यापाशी स्वतःचे द्रव्य किती, कारभार कोण पाहणार आणि हिशेब कोणाला दाखविणार, या प्रश्नांची उत्तरे दिल्यावाचून सरकारी मदतीचे दार उघडत नाही. हिंदुस्थानात या पद्धतीला निश्चित स्वरूप आले ते १८५४ सालच्या वुडच्या खलित्याने. खाजगी शाळांना मदत द्यावी, परंतु त्यांची व्यवस्था चोख असावी, त्यांनी तपासणी मान्य करावी आणि काही वाटा स्थानिक लोकांनी उचलावा, असे तत्त्व त्यात घालून दिले होते. या तत्त्वाची कसोटी ज्या एका प्रकरणात पुरेपूर लागली ते प्रकरण म्हणजे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेची स्थापना.

या संस्थेची कल्पना मुंबईत जन्मली. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ साली निघाली. पण कित्येक दशके ती परीक्षा घेण्यापलीकडे फारशी गेली नाहीत. नवे ज्ञान शोधून काढण्याची सोय देशात जवळजवळ नव्हतीच. जमशेटजी नसरवानजी टाटा यांना ही उणीव जाणवत होती. हुशार विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी साहाय्य देणारा निधी त्यांनी १८९२ साली उभारला होता. परंतु चार विद्यार्थी विलायतेस पाठविण्याने देशात विद्येचे पीठ उभे राहत नाही, हेही ते जाणून होते. म्हणून १८९८ साली त्यांनी मुंबईतील आपल्या सुमारे तीस लाख रुपये किमतीच्या मिळकती संशोधनाच्या विद्यापीठासाठी देऊ केल्या. त्यांचे वार्षिक उत्पन्न सव्वा लाख रुपये धरले होते. तत्पूर्वी त्यांचे विश्वासू सहकारी बर्जोरजी पादशाह यांनी परदेशांतील विद्यापीठांची पाहणी केली होती, आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा नमुना योजनेपुढे ठेवला होता. विशेष हे की, संस्थेला आपले नाव देण्याचा आग्रह टाटांनी धरला नाही. जे सर्व देशाचे व्हावयाचे त्यावर एका घराण्याची मुद्रा असली, तर इतरांचे हात आखडतील, हे व्यवहारज्ञान त्यात होतेच.

योजना पुढे नेण्यासाठी एक तात्पुरती समिती नेमण्यात आली. लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय म्हणून मुंबईत उतरले, आणि दुसऱ्याच दिवशी, ३१ डिसेंबर १८९८ रोजी, समितीचे शिष्टमंडळ त्यांच्या भेटीस गेले. कर्झन यांनी दोन शंका काढल्या. इतक्या उच्च शिक्षणासाठी लायक विद्यार्थी मिळतील काय? आणि शिकून बाहेर पडल्यावर त्यांना कामे कोठे मिळतील? अनुदानासाठी दार ठोठावणाऱ्या प्रत्येक संस्थेला आजही हेच दोन प्रश्न ऐकावे लागतात: ज्यांच्यासाठी हे करता ते येणार का, आणि आल्यावर त्यांचे भले होणार का? शंका निरुत्साह करणाऱ्या होत्या, पण निरर्थक नव्हत्या. त्या काळी देशात कारखाने थोडे, प्रयोगशाळा त्याहून थोड्या. तेव्हा रसायनशास्त्रज्ञाने शिकून जावे कोठे? टाटांचे म्हणणे याच्या उलट होते. शास्त्रज्ञ तयार झाल्यावाचून उद्योग निघावयाचे कसे?

योजनेला लोकमताचा पाठिंबा मिळावा म्हणूनही प्रयत्न झाले. नोव्हेंबर १८९८ मध्ये टाटांनी स्वामी विवेकानंदांना पत्र लिहिले. पुढच्या वर्षी ‘प्रबुद्ध भारत’ने योजनेचा पुरस्कार केला आणि भगिनी निवेदितांनीही तिची बाजू मांडली. नंतर प्रश्न आला तो तज्ज्ञांच्या अभिप्रायाचा. विख्यात रसायनशास्त्रज्ञ सर विल्यम रॅम्से यांना पाचारण करण्यात आले. १९०० साली ते देशभर हिंडले आणि संस्थेसाठी त्यांनी बंगळूरची शिफारस केली.

बंगळूरच का, याचे उत्तर केवळ तेथील थंड हवेत नाही. म्हैसूर संस्थानने यात पुढाकार घेतला होता. त्या वेळी महाराणी वाणीविलास सन्निधान या राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहत होत्या आणि सर के. शेषाद्री अय्यर हे दिवाण होते. त्यांनी ओळखले की, अशी संस्था मागून मिळत नाही. तिच्यासाठी आपणही काही द्यावे लागते. म्हैसूरने ३७१ एकर जमीन देऊ केली, इमारतींसाठी पाच लाख रुपये आणि दरसाल पन्नास हजार रुपये देण्याची तयारी दाखविली. कावेरीवरील शिवनसमुद्र येथून १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज मिळू लागली. अशा संस्थानाला विद्युत्‌शास्त्राची किंमत दुसऱ्याने सांगावी लागली नाही.

तरीही निर्णय लांबत गेला. रॅम्से यांची सूचना सरकारला पसंत पडली नाही, म्हणून मॅसन व क्लिबर्न या दोघांची दुसरी समिती आली. मूळ योजनेत शास्त्र व तंत्रविद्या यांच्या जोडीला वैद्यक, तत्त्वज्ञान व शिक्षण या शाखाही होत्या. छाननीच्या चाळणीतून खाली येताना त्या गळाल्या. आणखी एक अडचण टाटांच्या बाजूची होती. संस्थेच्या देणगीशी आपल्या कुटुंबासाठीच्या तरतुदीची सांगड घालण्याचा त्यांचा विचार होता आणि सरकारला ती गुंतागुंत मान्य नव्हती. दात्याचा हेतू कितीही उदार असला, तरी सार्वजनिक पैशाच्या शेजारी खाजगी व्यवस्था उभी दिसली की, तिजोरी सांभाळणारा बिचकतोच. हा पेच सुटण्यात वर्षे गेली, आणि १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे टाटांचे निधन झाले. त्यांनी कल्पिलेल्या संस्थेची एक वीटही तोपर्यंत रचली गेली नव्हती.

दाता गेला की, दानही विरून जाते, असा अनुभव पुष्कळदा येतो. येथे तसे घडले नाही. दोराबजी व रतनजी या पुत्रांनी वडिलांचा शब्द पुढे चालविला, पादशाह यांनी पाठपुरावा सोडला नाही. अखेर सरकारने स्वीकारलेले सूत्र मोठे बोधप्रद आहे: संस्थेच्या स्थानिक उत्पन्नाच्या निम्म्याइतके वार्षिक अनुदान. टाटांच्या मिळकतींचे सव्वा लाख आणि म्हैसूरचे पन्नास हजार मिळून पावणेदोन लाख. त्याचे निम्मे म्हणजे ८७,५०० रुपये. टाटांनी आधी दिले म्हणून म्हैसूरने दिले आणि दोघांनी दिले म्हणून सरकारला हिशेब मांडावा लागला. २७ मे १९०९ रोजी विश्वस्तव्यवस्थेचा हुकूम निघाला. संचालक मॉरिस ट्रॅव्हर्स त्यापूर्वीच, १९०६ साली, येऊन दाखल झाले होते. १९११ साली महाराज कृष्णराज वडियार यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात रसायनशास्त्र व विद्युत्‌तंत्र यांचे पहिले विद्यार्थी आले. टाटांनी मिळकती देऊ केल्यापासून तेरा वर्षे लोटली होती.

अनुदान मिळाले म्हणजे प्रश्न संपले असे मात्र नव्हे. ज्याचा पैसा त्याची तपासणी, हा नियम येथेही लागू झाला. १९२१ साली पोप समिती, त्यानंतर सेवेल समिती आणि १९३६ साली आयर्विन समिती यांनी संस्थेच्या कारभाराची छाननी केली. पैकी शेवटची समिती आली तेव्हा सर चंद्रशेखर वेंकट रामन संचालक होते. १९३७ साली त्यांनी ते पद सोडले. नामांकित विद्वान आणि हिशेब मागणारा नियामक यांचे बरे जुळणे ही कोठेही सोपी गोष्ट नसते.

याच सुमारास महाराष्ट्रात याहून निराळा मार्ग चोखाळणारे एक कार्य उभे राहत होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केले ते सरकारी मान्यतेची वाट न पाहता. मान्यता नसल्याने पदव्यांचे मोल लोकांच्या विश्वासावरच ठरावयाचे होते. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि कायद्याची मान्यता मात्र १९५१ साली लाभली. कर्वे यांना शिक्षणाचा क्रम स्वतः ठरविता आला, आणि त्याबद्दल पस्तीस वर्षांची उपेक्षा सोसावी लागली. टाटांच्या योजनेला सरकारचा टेकू मिळाला, आणि त्याबद्दल तिला आपल्या काही शाखा सोडाव्या लागल्या. दोन्ही मार्गांना किंमत आहे. ती कोणत्या नाण्यात द्यावयाची हे संस्थाचालकांनी आधी ठरविले पाहिजे.

आजही सरकारी मदतीसाठी एका जागेला अनेक संस्था अर्ज करतात आणि नकार आला की, पक्षपाताचा संशय घेऊन स्वस्थ बसतात. बंगळूरची कथा सांगते की, अर्जदाराचे बळ अर्जाच्या भाषेत नसते. ते त्याने आधी काय पदरचे घातले, किती जणांना आपल्यासोबत उभे केले, शंकांना किती वेळा शांतपणे उत्तर दिले आणि कोणती गोष्ट सोडली, कोणती सोडली नाही, यात असते. टाटांनी संस्थेला आपले नाव दिले नाही. बंगळूरचे लोक मात्र तिला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणूनच ओळखू लागले.