वैद्यकीय अध्यापकाचे वेतन

पुण्यात ससून रुग्णालय कोणाला ठाऊक नाही? डेव्हिड ससून यांच्या देणगीतून ती वास्तू १८६७ साली उभी राहिली. तेथील वैद्यक विद्यालय १८७८ मध्ये बैरामजी जीजीभाई यांच्या दानातून निघाले व १९४६ मध्ये त्याचे महाविद्यालय झाले. दात्यांची नावे सर्वांच्या तोंडी आहेत. वैद्यक शिकविणाऱ्याचा चरितार्थ कशावर चालतो, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

इस्लामी इतिहासात हा विचार फार पूर्वी झालेला आढळतो. दमास्कसचे नामांकित हकीम अद-दख्वार (मृत्यू १२३०) यांनी आपले घर वैद्यकाच्या मदरशासाठी वक्फ केले. शिवाय जमिनी व मिळकती वक्फ करून त्यांच्या उत्पन्नातून इमारतीची देखभाल, शिक्षकाचे वेतन आणि विद्यार्थ्यांचे वजीफे यांची कायमची सोय लावली. आपल्याकडे वर्गखोली बांधून देणारे दाते भेटतात. शिक्षकाच्या पगारासाठी मिळकत ठेवणारा विरळाच!

आपल्या प्रांतात वेगळे घडले. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट १८३८ मध्ये पुण्याजवळ दापोडी येथे वारले. त्यांच्या स्मारकासाठी लोकांनी वर्गणी जमविली, कंपनी सरकारने भर घातली आणि १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. प्राध्यापकांचा पगार मात्र सरकारी तिजोरीतून निघे. साहजिकच मोठ्या जागा बहुधा सरकारी सेवेतील गोऱ्या डॉक्टरांकडे जात.

शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी हे ओळखले. महाविद्यालयासाठी पैसा देताना, शिक्षक सरकारी नोकरीत नसलेले पात्र भारतीयच असावेत, अशी अट त्यांनी घातली. १९२६ मध्ये परळला के.ई.एम. रुग्णालय उघडले, त्याला जोडून हे महाविद्यालय चालू लागले. डॉ. जीवराज मेहता पहिले अधिष्ठाता झाले.

पगाराचा प्रश्न तरीही उरलाच. वॉर्डात शिकविणारे नामवंत डॉक्टर पुष्कळदा मानद असत. त्यांची खरी कमाई स्वतःच्या दवाखान्यात. शरीररचनाशास्त्राच्या शिक्षकाला कसला आला दवाखाना? त्याला पुरता पगारच द्यावा लागे. मानद पद्धतीत पैसा वाचला, विद्यार्थ्यांना मोठ्यांचा हात पाहावयास मिळाला; पण गुरूच्या सवडीवर अवलंबून राहावे लागले. पुढे पूर्णवेळ शिक्षक नेमले जाऊ लागले आणि खासगी व्यवसाय सोडल्याबद्दल त्यांना व्यवसायरोध भत्ता मिळू लागला. तो भत्ता आणि बाहेरची मिळकत यांतील अंतर पाहून आजही कित्येक निष्णात डॉक्टर अध्यापनाकडे वळत नाहीत.