रेग्युलेटरची नळी : लांबीची निवड (हौशी स्कूबा डायव्हिंग)

टाकीच्या तोंडावर बसवलेल्या फर्स्ट स्टेजपासून डायव्हरच्या तोंडातल्या सेकंड स्टेजपर्यंत हवा नेणारी रबरी किंवा वेणीदार विणीची लवचीक नळी. हौशी डायव्हिंगमध्ये तिची लांबी साधारण ५६ सेंमी. ते २.१ मी. असते. दुकानात नळ्या अजूनही इंचांच्या मापाने मागतात : २२, २८, ३०, ३६, ४०, ६०, ८४. लांबी ठरवताना दोन गोष्टी पाहतात. एकट्याने पोहताना नळी फुगा धरून खडकात वा जाळ्यात अडकू नये, आणि जोडीदाराची हवा संपली तर ती त्याच्यापर्यंत पोचावी. यांतली दुसरी गोष्ट जिवाची असल्याने पुढील विवेचन मुख्यतः तिच्याविषयी आहे.

रचना : टाकीतला दाब सुरुवातीला सुमारे २०० बार असतो. फर्स्ट स्टेज तो उतरवून भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त ठेवते. कमी दाबाच्या सर्व नळ्यांत हा मध्यम दाब कायम भरलेला असतो आणि तो श्वासापुरता उतरवण्याचे काम सेकंड स्टेज करते. त्यामुळे नळी लांब केल्याने श्वास जड होत नाही. ७६ सेंमी. आणि २.१ मी. यांतला फरक नीट देखभाल केलेल्या रेग्युलेटरवर श्वास ओढताना जाणवत नाही. नवशिक्यांच्या मनात श्वास जड होण्याची भीती घट्ट बसलेली असते आणि पहिल्याच खरेदीच्या वेळी ती कोणीतरी काढून टाकायला हवी.

इतिहास : झाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांच्या १९४३च्या ॲक्वालंगमध्ये दाब उतरवणारे सगळे यंत्र पाठीवर होते. तिथून दोन रुंद, घड्याघड्यांच्या नळ्या दोन्ही गालांवरून तोंडाशी येत. ऑस्ट्रेलियात टेड एल्ड्रेड यांनी १९५२मध्ये ‘पॉर्पस’ हा एकनळी रेग्युलेटर बाजारात आणला, आणि दाब दोन टप्प्यांत उतरवून दुसरा टप्पा तोंडाशी ठेवण्याची आजची पद्धत रूढ झाली. लांबी निवडण्याचा प्रश्न तेव्हापासूनचा. तरीही बरीच वर्षे एकाच माउथपीसमधून दोघांनी आळीपाळीने श्वास घेणे हाच हवा संपल्यावरचा उपाय शिकवला जाई. घाबरलेल्या माणसाकडून माउथपीस परत मिळवणे किती अवघड, हे वारंवार दिसल्यावर दुसरी सेकंड स्टेज, म्हणजे ऑक्टोपस, सर्वत्र आली.

लांब नळीचा उगम फ्लोरिडातील जलमय गुहांत आहे. तिचे श्रेय बहुधा शेक एक्सली (१९४९–१९९४) यांना दिले जाते. एक्सली पेशाने गणिताचे शिक्षक. नॅशनल स्पीलिओलॉजिकल सोसायटीच्या गुहा-डायव्हिंग विभागाचे ते पहिले अध्यक्ष होते आणि हजार गुहा-डाइव्ह पूर्ण करणारे पहिले डायव्हर मानले जातात. गुहेतल्या मृत्यूंची एकेक हकिगत तपासून त्यांनी ‘बेसिक केव्ह डायव्हिंग’ (१९७९) ही पुस्तिका लिहिली. माणूस नेमका कुठे चुकला, दोरी होती का, परतीची हवा राखली होती का, असे प्रश्न विचारून नियम काढण्याची शिस्त या क्षेत्राला तिने दिली. लांब नळीमागचे कारणही असेच प्रत्यक्ष जागेवरचे आहे. अरुंद भेगेतून दोघांना शेजारी शेजारी जाता येत नाही. एकामागून एक सरकायचे असेल, तर एकाच्या टाकीतली हवा दुसऱ्यापर्यंत पोचायला २.१ मी. नळी लागते. मेक्सिकोतील झाकातोन या अतिखोल विवरात ६ एप्रिल १९९४ रोजी एक्सली यांचा मृत्यू झाला.

याच प्रदेशात विल्यम होगार्थ मेन यांनी साहित्याची काटेकोर, कमीत कमी लोंबणारी मांडणी घडवली. ती त्यांच्या मधल्या नावाने होगार्थियन म्हणून ओळखली जाते. वुडव्हिल कार्स्ट प्लेन प्रोजेक्ट या गुहाशोधक गटाच्या मोहिमांतून ती पसरली. जॅरड जाब्लॉन्स्की यांनी १९९८मध्ये स्थापन केलेल्या ग्लोबल अंडरवॉटर एक्सप्लोरर्स या प्रशिक्षण संस्थेने तिला प्रशिक्षणक्रमात बसवले. गुहेत कधीही न जाणाऱ्या हौशी डायव्हरांपर्यंत लांब नळी पोचली ती मुख्यतः या वाटेने.

प्रचलित मापे : नेहमीच्या संचात तोंडातली मुख्य नळी ७१ ते ७६ सेंमी. असते व उजव्या खांद्यावरून येते. ऑक्टोपसची नळी ९१ ते १०२ सेंमी., बहुधा पिवळी, हनुवटी आणि खालच्या फासळ्या यांच्या मधल्या त्रिकोणात अडकवलेली. दुसऱ्या पद्धतीत मुख्य नळीच १.५ किंवा २.१ मी. असते. ती उजव्या बगलेखालून छातीवर तिरपी जाते, डाव्या खांद्यावरून मानेमागे वळते आणि उजवीकडून तोंडात येते. २.१ मी.ची जास्तीची लांबी कमरेशी दिव्याच्या बॅटरीखाली किंवा पट्ट्यात खोचतात. बॅटरी नसेल तर १.५ मी. पुरते. या पद्धतीत राखीव सेकंड स्टेज सुमारे ५६ सेंमी.च्या आखूड नळीवर, रबरी दोरीने गळ्यात असते. तिसरी, मधली वाट १ मी.च्या मुख्य नळीची : ती बगलेखालून थेट तोंडाशी येते आणि तोंडाजवळ फिरता एल्बो (कोपरासारखा सांधा) लागतो. एल्बोमुळे जबड्यावरचा ताण जातो, पण गळतीची एक जागा वाढते.

काही डायव्हरांची राखीव सेकंड स्टेज बीसीडीच्या (तरंगण्यासाठी फुगवायच्या जाकिटाच्या) इन्फ्लेटरमध्येच, म्हणजे त्यात हवा भरायच्या नळीच्या टोकाशीच, असते. अशा वेळी जोडीदाराला तोंडातलीच द्यावी लागते, कारण इन्फ्लेटर लांब जात नाही. म्हणजे मुख्य नळी ९० सेंमी.च्या आसपास हवी. प्रत्यक्षात अनेकजण इन्फ्लेटर बदलतात आणि ७१ सेंमी.ची जुनी नळी तशीच ठेवतात. या संचाचा सर्वांत धोकादायक दोष हाच, आणि तो एका नळीच्या किमतीत दूर होतो.

हवा देताना : बहुतेक सेकंड स्टेजमध्ये नळी उजव्या बाजूने शिरते. दोघे समोरासमोर आले की देणाऱ्याची उजवी बाजू घेणाऱ्याच्या डावीकडे येते. नळी मात्र घेणाऱ्याच्या उजवीकडूनच शिरायची असते, म्हणून तिला मध्ये नागमोडी वळण घ्यावे लागते. त्या वळणात लांबी खर्च होते. कागदावर ९१ सेंमी. असलेली नळी पाण्यात हातभर अंतरही देत नाही, माउथपीस ओठांतून ओढला जातो आणि घाईत सेकंड स्टेज उलटी धरली तर तोंडात पाणी येते. दोन्ही बाजूंनी चालणारी सेकंड स्टेज ही अडचण कमी करते. १.५ मी. नळीवर घेणारा समोर, बाजूला किंवा थोडा मागे असा कुठेही राहू शकतो, दोघांना पोहता येते आणि एकाला दुसऱ्याचे संगणक व दाबमापक वाचता येतात. ३० मी. खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट. दोघे एका टाकीवर आले की हवा पृष्ठभागावरच्या एकट्या माणसाच्या आठपट वेगाने संपते, आणि भेदरलेला श्वास याहून भरभर चालतो. ओढाताणीत गेलेले अर्धे मिनिट इथे परवडत नाही.

तोंडातली द्यावी की ऑक्टोपस, यावर प्रशिक्षण संस्थांमध्ये एकमत नाही. तोंडातली देणाऱ्यांचे म्हणणे असे की ती चालू असल्याची खात्री असते आणि घाबरलेला माणूस बहुधा तिच्यावरच झडप घालतो. ऑक्टोपसच्या बाजूने मुद्दा असा की देणाऱ्याचा स्वतःचा श्वास तुटत नाही. मात्र निवडलेली पद्धत जोडीदाराला पाण्यात उतरण्यापूर्वी दाखवलीच पाहिजे.

शरीरयष्टी : मुख्य नळी लावून मान दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावी. माउथपीस ओढला गेला तर नळी आखूड आहे, कानामागे मोठा फुगा आला तर लांब. रुंद छातीला आणि ड्रायसूटला ५ ते १० सेंमी. जास्त लागते. जोडीदारासह हवा देण्याचा पूर्ण सराव आधी जमिनीवर, मग उथळ पाण्यात करावा.

साइडमाउंट : टाक्या बगलेत असल्याने मापे वेगळी, एक नळी लांब, दुसरी आखूड.

भारतात : मालवण, तारकर्ली, गोव्याचे ग्रँड आयलंड येथील बहुतेक पाहुणे प्रशिक्षकाने धरलेल्या अवस्थेत उथळ पाण्यात उतरतात, त्यांना लांबी निवडायची नसते. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. प्रमाणपत्र घेऊन स्वतःचा संच घेणाऱ्याला मात्र हा निर्णय घ्यावाच लागतो. कोकणच्या गढूळ पाण्यात जोडीदार जवळच ठेवावा लागतो, त्यामुळे येथे १ किंवा १.५ मी. पुरेशी आहे.

देखभाल : टोकांवरची रबरी आवरणे मागे सरकवून भेगा पाहाव्यात, कारण नळी तिथेच आधी फाटते. काही वेणीदार नळ्यांच्या आतल्या पॉलियुरेथेन थरात स्फटिक जमून हवेची वाट अडल्याच्या घटना डायव्हर्स अलर्ट नेटवर्कने नोंदल्या आहेत. उष्ण हवेत साठवलेल्या नळ्यांबाबत हे विशेष लक्षात ठेवावे. दाबमापकाच्या उच्चदाब नळीच्या मुळाशी सुईएवढे छिद्र असते, म्हणून ती फुटली तरी टाकी सावकाश रिकामी होते. कमी दाबाची फुटली तर फार लवकर.