फुलांचा रतीब

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि तहनामे उभे राहतात. आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासून सरकारदरबारी ज्याचे नाव अहिल्यानगर झाले त्या जिल्ह्यात, त्यांचा तुटवडा नाही. पण आम्ही पडलो कामगार चळवळीतले. एखादी वस्तू समोर आली की ती कोणी केली आणि तिचे दाम कोणाच्या हाती पडले, हे विचारण्याची आम्हांला सवय. आज आम्ही अशीच एक वस्तू निवडली आहे: सांगावा धाडला की दारात येऊन पोचणारे ताजे फूल. आणि गाव निवडले आहे कोपरगाव, गोदावरीच्या काठचे.

कोपरगावचीच निवड का, याचे उत्तर महाभारतातच आहे. कोपरगावच्या बेटात शुक्राचार्यांचे मंदिर आहे आणि त्यांचा आश्रम येथेच होता अशी लोकांची श्रद्धा आहे. आदिपर्वातली कचाची कथा आपण सर्व जाणता. संजीवनी विद्या शिकायला आलेल्या कचाला दानवांनी प्रथम मारले ते गुरूच्या गाई राखत असताना. दुसऱ्या वेळी मात्र तो रानात गेला होता देवयानीसाठी फुले आणायला. तिच्या सांगण्यावरून तो निघाला आणि वाटेत जिवाला मुकला. शुक्राचार्यांनी विद्येच्या बळावर त्याला पुन्हा उठवले. स्थळाचा पुरावा येथे कोणी मागू नये. कथेतला अर्थ मात्र पाहावा. फुले मागणारीच्या मनात काही वाईट नव्हते, आणि तरी आणणाऱ्याचे काय होते हे तिला तो परत येईनासा झाल्यावर कळले. आमच्या आजच्या विषयाचे सगळे सार या एका प्रसंगात आहे.

कथा सोडून इतिहासात येऊ. जुन्या गावगाड्यात बारा बलुतेदारांच्या जोडीला अलुतेदार असत. ग्रँट डफने अलुतेदारांची जी यादी दिली आहे तीत माळ्याचे नाव आहे. बेल आणि पत्रावळी गुरवाकडे, फुले माळ्याकडे, अशी ही वाटणी. मोबदला रोख नव्हे, तर सुगीच्या वेळी खळ्यावर मिळणारे धान्य. या व्यवस्थेत जातीची बेडी होती, मान कमी होता, आणि दुष्काळ पडला की अलुतेदाराची पाटी सर्वांत आधी रिकामी राही. तिचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण एक गोष्ट तीत होती: फूल घेणाऱ्याला फूल देणाऱ्याचे नाव, घर आणि पोरेबाळे ठाऊक होती.

पेशवाईत मोबदल्याचे दुसरे रूप दिसते. साताऱ्याकडच्या कटगुणचे गोऱ्हे हे घराणे पुण्यात आले, पेशव्यांना फुले पुरवू लागले आणि त्या धंद्यावरूनच त्यांना 'फुले' हे आडनाव पडले. कोपरगावचाही पेशव्यांशी जवळचा संबंध. रघुनाथराव पेशव्यांचा वाडा येथे होता आणि डिसेंबर १७८३ मध्ये त्यांचा अंत या परिसरातच झाला. वाडा म्हटला की देवघर आले, आणि देवघर म्हटले की रोजची फुले आली. राघोबादादांच्या कारस्थानांवर किती पाने लिहिली गेली आहेत! त्यांच्या देवघरातल्या परडीवर मात्र एक ओळ नाही.

पण त्या फुले घराण्याने महाराष्ट्राला केवळ फुले दिली नाहीत. जोतीरावांनी नगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात आपली शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले तेही याच नगरच्या शाळेत. आणि आम्हां कामगारांना विसरता येणार नाही असा सत्यशोधक म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. तेही फुलमाळी समाजातले. त्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली आणि त्यांच्या खटपटीमुळे १८९० साली गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. दैवाचा खेळ असा की ही सुटी फुलाऱ्याच्या घरी कधीच आली नाही. लोकांची सुटी, लोकांचा सण, लोकांचे लग्न आणि लोकांचे मरण, हेच त्याचे कामाचे दिवस.

इंग्रजी अमदानीत विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत दारणा धरण आणि नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा झाला. गोदावरीचे कालवे कोपरगाव, राहाता भागात फिरले. कालव्याबरोबर ऊस आला आणि उसाच्या बांधाला फूलही आले. राहात्याहून झेंडू, जाई, जुई यांची रोपे आणून साईबाबांनी शिर्डीत बाग केल्याची हकीगत साईसच्चरितात आहे. म्हणजे या मुलखातला फुलांचा पुरवठा कालव्याच्याही आधीचा. झेंडू हे आपल्या दसऱ्याचे फूल. पण त्याचे मूळ घर अमेरिकेतले मेक्सिको. निशिगंधही तिकडचाच. परदेशातून आलेले फूल आपण दोनचारशे वर्षांत देवाच्या गळ्यात घातले. स्वदेशातल्या फुलारणीला अजून ओसरीवर बसवले नाही.

शहरे आणि पेठा वाढल्या तशी खळ्यावरच्या धान्याची जागा महिन्याच्या रतिबाने घेतली. रतिबाची फुलपुडी आपल्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. पहाटे खुडलेली फुले ओल्या फडक्यात गुंडाळून पाटीत यायची. चार जास्वंदी, मूठभर मोगरा किंवा शेवंती, दूर्वांची जुडी आणि बेलाची दोन पाने, हे सारे पळसाच्या किंवा केळीच्या पानात ठेवून सोपटाने बांधायचे. पुडी दाराच्या कडीला अडकवली जाई. महिनाअखेर हिशेब होई. हा व्यवहार लहान, पण बारकाईचा होता. कोणत्या घरी गणपतीची पूजा, कोणत्या घरी महादेवाची, कोणाकडे सुतक आहे म्हणून दहा दिवस पुडी द्यायची नाही, हे सगळे फुलारणीच्या डोक्यात. तिची वही म्हणजे तिची आठवण.

आता पुष्पगुच्छाकडे येऊ. हार गळ्यात घालायचा आणि गुच्छ हातात द्यायचा, हा केवळ आकाराचा फरक नाही. हार देवासाठी आणि पाहुण्यासाठी. गुच्छ आला तो साहेबाच्या रिवाजातून, समारंभासाठी. पुढे हरितगृहे झाली. तळेगावला फुलांसाठी खास उद्योगवसाहत उभी राहिली, आणि जरबेरा व लांब दांड्याचा गुलाब तालुक्याच्या गावापर्यंत आला. आज कोपरगावसारख्या ठिकाणी वाढदिवस, सेवानिवृत्ती, निवडणुकीतला विजय, दवाखान्यातला रुग्ण, सर्वांना 'बुके' लागतो. मुलगा पुण्यात नोकरीला असतो, आई गावात असते. तो फोनवर मागणी नोंदवतो, पैसे तिथूनच भरतो, आणि दोन तासांत गावातलाच एक मुलगा फटफटीवर येऊन आईच्या हातात गुच्छ देतो.

हे नवल वाटते, पण कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या फुलविक्यांनी १९१० सालीच तारेने फुले पोचवण्यासाठी संघ काढला होता. एका गावचा दुकानदार दुसऱ्या गावच्या दुकानदाराला तार करी आणि तो आपल्याच गावची फुले बांधून पोचवी. आपल्याकडची तार २०१३ साली बंद झाली, तारेची जागा फोनने घेतली, पण नियम तोच राहिला. फूल लांब जात नाही, निरोप लांब जातो.

श्रोतेहो, हा नियम आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. गिरणी परगावी हलवता येते. मुंबईत आम्ही ते डोळ्यांनी पाहिले. पण आजची सत्यनारायणाची पूजा, उद्याचे लग्न आणि परवाची अंत्ययात्रा यांचा हार गावातच गुंफावा लागतो. अकोळनेरची शेवंती दादरच्या बाजारात जाते हे खरे, पण तिचा गजरा दादरलाच होतो. म्हणजे हे काम कोणी गावातून उचलून नेऊ शकत नाही. मग त्या कामाचे दाम गावात का राहू नये? निरोप पोचवणाऱ्याची दलाली आधी कापली जाते, मग दुकानदाराचा हिस्सा, आणि गुंफणाऱ्या बाईच्या हाती येते ते हारामागे ठरलेले चिल्लर. तिचे काम घरात, ओसरीवर, पहाटे चारपासून. बोटे सुईने भोसकलेली, पाठ वाकलेली. काम नगावर असल्यामुळे घरातली पोरेही सुईदोरा घेऊन बसतात.

ही गोष्ट आम्ही नवखेपणाने सांगत नाही. संगमनेर आणि नगर येथील विडी कामगार बायांची स्थिती अशीच होती. घरी बसून, हजार विड्यांमागे मजुरी. मालक म्हणे, 'ह्या आमच्या कामगारच नव्हेत, घरच्या घरी विड्या वळतात.' भांडावे लागले, मोर्चे काढावे लागले, आणि १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला. त्यात घरी काम करणारी बाईसुद्धा कामगार ठरली. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडीचा कायदा झाला आणि ज्याला एक मालक नाही अशा हमालालाही मंडळ मिळाले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत फोनच्या मागणीवर काम करणाऱ्याची व्याख्या आली आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. पण दुकानदाराच्या ओळखीवर गुच्छ पोचवणाऱ्या मुलाचे नाव कोठल्या वहीत आहे? आणि हार गुंफणाऱ्या बाईचे?

फुलांवर किती घरे चालतात हे कोपरगावच्या शेजारी शिर्डीत अलीकडेच दिसून आले. साथीच्या काळात, १७ मार्च २०२० रोजी मंदिर बंद झाले. पुढे ते उघडले, पण हारफुले आत नेण्याची बंदी उठली नाही. फूल उत्पादक शेतकरी आणि विक्रेते ऑगस्ट २०२२ मध्ये रस्त्यावर आले. प्रकरण न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परवानगी दिली आणि डिसेंबरपासून संस्थान कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेमार्फत फुलांची विक्री सुरू झाली. बंदीची कारणेही पोकळ नव्हती; भाविकांकडून अवाच्या सवा दर घेतले जात आणि निर्माल्याचा ढीग होई. पण दर चढवले कोणी आणि पीक मोडावे लागले कोणाला? शेतकऱ्याने उभ्या झेंडूवर नांगर फिरवला तर त्याचे पंचनामे होतात. गुंफणाऱ्या बाईचे काम गेले त्याचा पंचनामा कोठे होत नाही. आणि तोडगा निघाला तो कसा, हेही लक्षात घ्या: मधली साखळी तोडून, सहकारी संस्थेच्या हातून. १९५० साली प्रवरानगरला ऊसवाल्यांनी साखर कारखान्याच्या रूपाने जो धडा घातला, तोच येथे लहान प्रमाणावर फुलवाल्यांच्या कामी आला.

तेव्हा व्याख्यान संपवताना आम्ही दोनतीन साध्या गोष्टी मांडतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगरपालिकेच्या प्रत्येक गावी नगर पथविक्रेता समिती असावी लागते. तिच्यात निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले आणि त्यांतल्या एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. फुलारणींनी त्या जागा मागून घ्याव्यात आणि बसण्याच्या जागी सावली व पाण्याचा नळ मिळवावा. फुलाला पाणी लागते, विकणारीलाही लागते. दुसरे, हारामागचा दर फळ्यावर लिहिलेला असावा आणि मजुरी त्याच दिवशी हाती पडावी. तिसरे, आपण गिऱ्हाइकांनी करायचे. गुच्छ मागवताना तो कोण बांधतो, कोण पोचवतो आणि त्याला काय मिळते, एवढे विचारावे. विचारणाऱ्या गिऱ्हाइकापुढे लबाडी फार दिवस टिकत नाही.

देवयानीने फुले मागितली यात तिचा दोष नव्हता. तिने वाटेची चौकशी केली नाही, इतकेच. तिच्या घरी संजीवनी होती म्हणून कच परत आला. आपल्या घरी ती नाही. म्हणून चौकशी आधीच केलेली बरी.