तुंदुक का, आणि बलबल का नाही?

‘पारंपरिक अंत्यविधींवरून प्रेरित आधुनिक स्मारक’ असं वाक्य शोधप्रस्तावात लिहिणार असाल, तर जरा थांबा. परंपरेतलं नेमकं काय घेतलं आणि काय सोडलं, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थ नाही. तुर्किक लोकांचं उदाहरण घेऊ. (तुर्किक म्हणजे फक्त तुर्कस्तान नव्हे बरं का, किरगीझ, कझाखही त्यातच येतात.)

किरगिझस्तानात बिश्केकजवळ चोन-ताश इथे नोव्हेंबर १९३८ मध्ये स्टालिनच्या गुप्त पोलिसांनी सुमारे १४० जणांना गोळ्या घातल्या आणि प्रेतं एका वीटभट्टीत टाकली. रखवालदाराने मरण्यापूर्वी हे मुलीला सांगितलं, तिने अनेक वर्षांनी तोंड उघडलं आणि १९९१ मध्ये खोदकाम झालं. एका प्रेताजवळ आरोपपत्राचा कागद सापडला. त्यावर नाव होतं तोरोकुल ऐतमातोव, म्हणजे लेखक चिंगीझ ऐतमातोव यांचे वडील. या जागेचं नाव ‘अता-बेयित’, म्हणजे वडिलांची कबर. २००८ मध्ये चिंगीझ यांनाही इथेच पुरलं.

याच परिसरात २०१६ मध्ये ‘उरकुन’चं स्मारक झालं. १९१६ च्या उठावानंतर झारच्या फौजेपुढून चीनकडे पळताना, तिएन शानच्या खिंडींत जे मेले, त्यांचं. त्यात ठळक दिसतो तो उंच उचललेला तुंदुक, म्हणजे युर्तच्या (गोल तंबूच्या) माथ्यावरचं लाकडी कडं. तेच त्यांच्या राष्ट्रध्वजावरही आहे.

आता तुलना करा. ओरखोन खोऱ्यातल्या, इ.स. ७३२ च्या कुल तिगिनच्या शिलालेखात ‘बलबल’ येतो. तिथे तो मेलेल्या वीराचा पुतळा नाही, तर हरवलेल्या शत्रूच्या नावाने उभा केलेला दगड आहे. (आज बोलताना सगळ्याच दगडी मूर्तींना बलबल म्हणतात, त्यामुळे वाचताना घोळ होतो.) ज्यांना मारून टाकलं त्यांच्यासाठी बलबलांची रांग लावली, तर अर्थच उलटा होईल.

युर्तचं तसं नाही. किरगीझ रिवाजात पुरण्यापूर्वी मृताला युर्तमध्ये ठेवतात. बायका आत ‘कोशोक’ म्हणजे शोकगीत गातात, पुरुष बाहेर उभे राहून आक्रोश करतात. खिंडीत मेलेल्यांना यातलं काय मिळालं असणार? तुंदुक म्हणजे त्यांना न मिळालेलं छप्पर, असं मला वाटतं. हे माझं वाचन आहे. शिल्पकाराचा हेतू म्हणून उद्धृत करू नका.

मी मुळात विज्ञानाचा विद्यार्थी, म्हणून मला यातला मोजता येणारा भाग सुचतो. कोशोकला आत आणि बाहेर लागतं. उघड्या कड्याखाली दोन्ही नाही. मग तिथे येणारे लोक कुठे थांबतात, कुठे बसतात, दुवा कुठे तोंड करून मागतात? फोटोंवरून हे कळणार नाही. आराखडा हातात घेऊन, दिवसभर तिथे उभं राहून नोंदी कराव्या लागतील.